आईची वही व्हेगन करताना: श्रावण २०२५ च्या नोंदी

२० जुलै, रविवार

भाचीचा फोन आला, गणेशचतुर्थीला येतेय. पुण्याला असते, दोन वर्षं झाली व्हेगन आहे, म्हणजे मासे मटण तर नाहीच पण दूध दही तूप मध पण नाही. गेल्या चतुर्थीला आली तेव्हा दोन दिवस भात, सोलकढी आणि लिंबाचं लोणचं एवढ्यावर काढले आणि घरातल्यांनी धरून ठेवलं की हिला आमच्या हातचं जेवण आवडलं नाही. तेव्हा ठरवलंय, श्रावणात आमच्याकडे तसंही सगळं शिवराकच (शाकाहारी) असतं, तर या महिनाभरात घरात आहेत नाहीत त्या सगळ्या रेसिप्या चाळायच्या, करून बघायच्या आणि चतुर्थीचं अख्खं ताट तिला खाता येईल असं करायचं.

मी गोव्यात वेर्ण्याला एका कंपनीत क्वालिटीच्या लॅबमध्ये आहे, मोजमापाची खोड तिथली. स्वयंपाक चहा-आमलेटच्या पुढे कधी गेला नव्हता. आधीच सांगून ठेवतो, हसायचं असेल त्यांनी आत्ताच हसून घ्या.

जमवलेला माल असा: आईची वही, १९७४ साली लग्न झाल्यापासून लिहिलेली, ६४ पदार्थ. घरी आम्ही बोलतो कोंकणी पण वही मराठीत आहे, आमच्या पिढ्यांचं हे असंच, बोलायचं एक आणि लिहायचं दुसरं. त्यामुळे वहीत ‘आमसुले’ आणि ‘सोलां’, एकाच वस्तूची दोन नावं, एकाच पानावर भेटतात. मग एक जुनं मराठी पाककृतींचं पुस्तक, कव्हर गेलेलं, पहिली बारा पानं पण गेलेली. वर्तमानपत्रांची कात्रणं, एक बिस्किटाचा डबा भरून. एक जाडजूड परदेशी व्हेगन पुस्तक, २००९ सालचं, सेकंड हँड ६५० रुपयांना घेतलं. आणि मोबाईलवर व्हिडिओ, त्याला तर अंतच नाही.

नियम एकच केलाय. पहिल्यांदा करताना लिहिलंय तसंच करायचं, अक्कल लावायची नाही. दुसऱ्यांदा लावायची, आणि काय बदललं ते पेन्सिलने वहीत लिहायचं.

२४ जुलै, गुरुवार

उद्यापासून श्रावण, म्हणून आज अख्ख्या वाड्यावर मासळी. आमच्याकडे पण सुंगटां (कोळंबी) झाली, खोटं कशाला बोलू.

रात्री काटा काढला (डिजिटल, ४५० रुपये). आईच्या वहीत सगळं वाटीत आहे, पण कुठली वाटी? आमच्या घरात चार प्रकारच्या आहेत. एक आहेराची, नाव कोरलेली, काठोकाठ पाणी घातलं तर १४० ग्रॅम. पाण्याचं बरं असतं, ग्रॅम म्हणजेच मिली. दुसरी नवी, १९०. आईला विचारलं तर तिने मांडणीच्या मागून एक काढून दिली, काठाला पोचा आलेली, बाहेरून काठाच्या जरा खाली गोल रेघ ओढल्यासारखं डिझाइन, म्हणे वही लिहिली तेव्हापासूनची हीच. ती १६५. म्हणजे इतके दिवस बायको नव्या वाटीने करत होती आणि ‘आईंसारखं होत नाही’ म्हणून ऐकून घेत होती.

परदेशी पुस्तकातला कप २४० मिली. मोठा चमचा १५ मिली, पण ऑस्ट्रेलियातली रेसिपी असेल तर २० मिलीचा, म्हणजे व्हिडिओवाली बाई कुठली ते बघितल्याशिवाय सोडा घालू नका. बिनकव्हरच्या पुस्तकात वाटी केवढी ते बहुतेक त्या हरवलेल्या बारा पानांत असणार.

वहीत आणखी एक मजा आहे. ‘आठ आण्याची कोथिंबीर’, ‘एक रुपयाचे बिब्बे’ (बिब्बे म्हणजे ओले काजू). १९७५ चा एक रुपया आज किती बिब्बे ते कसं काढायचं सांगा. आईला विचारलं, तिने ओंजळ करून दाखवली. ओंजळीत मावले ते वजन केले, ११० ग्रॅम. लिहून ठेवलं.

२७ जुलै, रविवार

श्रावणातला पहिला आयतार. आयताराच्या पूजेला पातोळ्यो (हळदीच्या पानात वाफवलेला गोड पदार्थ) लागतातच, म्हणून त्यांच्यापासून सुरुवात. हळदीची पानं परसातली, फुकट. वहीतला मजकूर जसाच्या तसा: ‘तांदूळ २ वाट्या रात्री भिजत घालणे. उपसून १ वाटी पाण्यात वाटणे. मीठ. पानावर सारवणे. चून घालून दुमडणे. वाफवणे.’ संपलं. चून (गूळ-खोबऱ्याचं सारण) कसं करायचं ते नाही, किती वेळ वाफवायचं ते नाही.

मी २ वाट्या म्हणजे २८० ग्रॅम तांदूळ आणि १ वाटी म्हणजे १६५ मिली पाणी घेतलं. पीठ झालं दोश्याच्या पिठासारखं. पानावर सारवलं की शिरेवरून घरंगळत टोकाला जायचं. सोळा केल्या त्यातल्या बारा फुटल्या, गूळ वितळून खालच्या पाण्यात, पाणी आटलं, टोपाला करपून बसला. बाहेर सोप्यावर बाबांना वास गेला, त्यांनी विचारलं, ‘किदें लासलें रे?’ टोप घासायला पाऊण तास. आईचे गुडघे गेलेत, ती स्वयंपाकघरात उभी राहत नाही, बाहेरूनच म्हणाली पीठ पातळ झालं असेल. उरलेल्यात चार चमचे तांदळाचं पीठ घातलं, फुटल्या नाहीत पण साल जाड झाली, चावताना इडली खाल्ल्यासारखं.

एका व्हिडिओत थेट पाकिटातलं तांदळाचं पीठ भिजवून करतात, ते पण एक घाणा केला. गरम असताना चांगल्या, थंड झाल्यावर चामडं. एकूण वेळ ३ तास २० मिनिटं. पूजेला चांगल्या निघालेल्या चार लागल्या, देवाने चालवून घेतलं.

२९ जुलै, मंगळवार

नागपंचमी, चिरायचं तळायचं नाही, म्हणून परत पातोळ्यो. पाणी ११० मिली केलं, पीठ श्रीखंडाएवढं घट्ट, बोटाने पातळ सारवलं, वाफ १५ मिनिटं, एकही फुटली नाही. वहीत पेन्सिलने टीप: ‘पाणी १ वाटी जास्त होतं, कमी घेणे. आईने चुकून लिहिलं असणार.’

२ ऑगस्ट, शनिवार

खतखतें. यात भाच्या-बिच्या, व्हेगन-बिगन काही प्रश्नच नाही, तूरडाळ, नारळ, भाज्या, सोलां, गूळ. म्हणून बिनधास्त होतो आणि तिथेच आपटलो.

भाज्या: कणगां, सुरण, मुळा, शेंगा, कच्ची केळी, नीरफणस, लाल भोपळा, मक्याचं कणीस. वहीत नुसतं ‘भाज्या शिजवणे’. सगळ्या एकत्र घातल्या, सुरण कच्चा आणि भोपळा विरघळून नाहीसा. हे तरी चाललं असतं. पण वहीत ‘तेफळे ठेचून’ (तेफळं म्हणजे तिरफळं) आहे आणि मी व्हिडिओत बघून ती नारळाच्या वाटपात मिक्सरला लावली, बियांसकट. दहा तेफळां. घास घेतला आणि जीभ दोन मिनिटं बधिर, मागून कडू. बायकोने तोंडात घातलं आणि सिंककडे गेली. टाकून दिलं अख्खं, म्हणजे २ नारळ आणि २०० रुपयांच्या भाज्या गटारात.

दुरुस्ती (दुसऱ्या दिवशी केली): तेफळातली काळी बी काढून टाकायची, साल तेवढी ठेवायची, जरा पाण्यात भिजवून बत्त्याने एकदोनदाच ठेचायची, आणि पाण्यासकट अगदी शेवटी, गॅस बंद करायच्या पाच मिनिटं आधी घालायची. सहा पुरतात. भाज्यांचा क्रम: सुरण आणि मका आधी, मग कणगां, केळी, नीरफणस, मग मुळा शेंगा, भोपळा सगळ्यात शेवटी. सुरणाला आधी सोलांचं पाणी लावून ठेवलं तर घसा खाजत नाही. हे कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही, बाजारात सुरण देणाऱ्या बाईने सांगितलं, आणि तेही मी दहाचे सुट्टे शोधत होतो म्हणून.

कुणी परदेशी पुस्तकावरून गोव्याची रेसिपी करत असेल तर तेफळाऐवजी सिचुआन मिरी घाला असं लिहिलेलं दिसेल. नात्यातली आहेत, जीभ बधिर करतात दोन्ही, पण तेफळाचा लिंबाच्या सालीसारखा हिरवा वास वेगळाच. नाही मिळालं तर सोडून द्या, आमचं असं मत.

५ ऑगस्ट, मंगळवार

सुट्टी होती, कदंबाची बस पकडून पणजी, पाटोवर सेंट्रल लायब्ररी. कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय, मूळ १८३२ सालचं, एवढ्या जुन्या ठिकाणी काहीतरी गवसेल अशी आशा होती. मराठी पाककृतींच्या कपाटापुढे दोन तास बसलो. सूचीत ‘व्हेगन’ शोधण्यात अर्थच नव्हता, तो शब्दच मुळी १९४४ साली इंग्लंडात बनवला गेला. आणि ‘उपासाचे पदार्थ’ या भागात तर जाऊच नका, तिथे दूध आणि तूप सोडून काही नसतं. एका पुस्तकात तोळा आणि शेर. तोळा ११.६६ ग्रॅम, ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅम, ‘पाव शेर रवा’ म्हणजे २३३.

तिथे बसल्या बसल्या एक रीत सापडली ती मात्र कामाची. सूची सोडायची, साहित्याची यादी वाचायची, आणि तूप, लोणी, दूध, दही, ताक, खवा, साय, मध एवढे आठ शब्द शोधायचे. घरी येऊन आईच्या वहीला हेच लावलं. ६४ पैकी शिवराक ४१. त्यातले २३ या आठ शब्दांपैकी एकही नसलेले. ११ मध्ये फक्त तूप. ७ मध्ये दूध किंवा दही, त्याशिवाय पदार्थ उभाच राहत नाही असे.

२३! भाचीला मेसेज टाकला, ‘तुझी आजी अर्ध्याहून जास्त व्हेगन आहे.’ तिने बारा हार्ट पाठवले.

१० ऑगस्ट, रविवार

ही नोंद लिहायची लाज वाटते पण लिहितो. परदेशी पुस्तकातला चॉकलेट केक. लिहिलंय ३५०. आमच्या ओटीजीची चकती २५० पर्यंतच. मी म्हटलं यांचे ओव्हन जोरदार असतील, आपण आपला फुल ठेवू. पंचवीस मिनिटांनी वरून कोळसा आणि सुरी घातली तर आत पीठ. पुस्तक फॅरनहाइटमध्ये बोलत होतं. ३५० फॅरनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस. लॅबमध्ये रोज तापमानाच्या नोंदी करणारा माणूस मी.

परत केला, १७५ वर, ४० मिनिटं. अंड्याऐवजी जवसाची पूड १ मोठा चमचा अधिक पाणी ३ मोठे चमचे, दहा मिनिटं ठेवली की बुळबुळीत होते. झाला बरा, जरा दडस. मग एका व्हिडिओत छोले शिजवलेलं पाणी फेटून फेस काढतात ते करायला गेलो. परदेशी पुस्तकात ते नाहीच, कारण हे पाणी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुलतं हे लोकांच्या ध्यानात आलं २०१४-१५ च्या सुमाराला आणि पुस्तक २००९ चं. तेव्हा व्हेगन पुस्तक घेताना साल बघा. माझा फेस मात्र आलाच नाही, दहा मिनिटं बीटर फिरवला, हात भरून आला. व्हिडिओवाल्यांचे छोले डब्यातले, ते पाणी आधीच दाट असतं. आपल्या कुकरचं पाणी एक तृतीयांश होईपर्यंत आटवून, गार करून मग फेटायचं, भांड्याला तेलाचा हात नको. दुसऱ्यांदा फेस आला, खरंच आला, पांढराशुभ्र, मुलगा बघायला धावत आला. पण त्याचं पुढे करायचं काय हे ठरवलं नव्हतं. अर्ध्या तासात खाली बसला.

संध्याकाळी तवसळी केली वहीतून. तवसें (काकडी) किसून, रवा, गूळ, नारळ, वेलची, चाळणीवर वाफवली. अंडं नाही, दूध नाही, ओव्हन नाही, ५० मिनिटांत तयार. एवढे दिवस समोर होती आणि मी जवस कुटत बसलो.

१३ ऑगस्ट, बुधवार

दुधाचा विषय. भाचीला सकाळी चहा काय द्यायचा म्हणून बदाम, सोया, ओट अशी तीन पाकिटं आणली, ६४० रुपये. नारळाचं दूध घरचं. चहात नारळाचं दूध, वर तेलाचे डोळे. सोयाचं फाटलं, उकळत्या आणि कडक चहात घातलं म्हणून. बदामाचं म्हणजे पांढरं पाणी. ओटचं त्यातल्या त्यात. तीन संध्याकाळी गेल्या यात. शेवटी फोन करून विचारलं तर म्हणते, ‘मामा, मी कोरा चहा पिते, लिंबू पिळून.’ हे आधी विचारायला काय झालं होतं मला.

त्याच फोनवर तिने आणखी एक सांगितलं ते इथे टाकतो. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हेगन नाही, दूधवाल्या मालावर पण तोच ठिपका असतो. व्हेगनचं वेगळं हिरवं चिन्ह २०२२ च्या नियमांपासून आहे. आणि ‘नॉन डेअरी’ लिहिलेल्या क्रीमच्या डब्यावर मागे बारीक अक्षरात केसिनेट दिसलं तर ते दुधातलंच. मी आणून ठेवला होता एक डबा. मुलाने खाल्ला.

दही: नारळाच्या दुधाचं केलं, वर लोण्यासारखा थर, खाली आंबट पाणी. शेंगदाण्याचं केलं, १५० ग्रॅम दाणे भिजवून, सालं काढून, वाटून, गाळून, दूध उकळून कोमट केलं आणि विरजणाला हिरव्या मिरच्यांचे देठ टाकले. पावसात नऊ तासांनी लागलं, हो लागलं, पण दाण्याचा वास जाईना. फोडणी देऊन कढी केली तर खपतं, नुसतं भातावर नाही. आमच्या ताटात सोलकढी असताना हा उद्योग कशाला, असं बायको म्हणाली. सोडून दिला.

१७ ऑगस्ट, रविवार

मणगणें. चणाडाळ, साबुदाणा, गूळ, नारळाचा रस. माझ्या २३ च्या यादीतला सगळ्यात खात्रीचा. पहिल्या खेपेला गूळ लवकर घातला, डाळ अर्धी शिजलेली होती, मग तासभर उकळून पण ती दाताखाली कचकन यायची. गूळ पडला की डाळ पुढे शिजत नाही. वहीत लिहिलंय ‘डाळ मऊ झाल्यावर गूळ’, मीच पाळलं नाही. दुसऱ्या खेपेला डाळ बोटाने चिरडेपर्यंत शिजवली, साबुदाणा वेगळा, गूळ घालून एक उकळी, पातळ रस घालून एक उकळी, आणि दाट रस गॅस बारीक करून शेवटी, त्यानंतर उकळू द्यायचं नाही, नाहीतर फाटतं. मस्त झालं. वाटी भरून आईला नेऊन दिली.

आईने एक चमचा खाल्ला, म्हणाली बरं झालंय, पण काजू तुपात परतून घातले नाहीस.

मी म्हटलं, वहीत तूप नाहीये.

‘आरे, तें किदें बरोवपाचें?’

ते काय लिहायचं. मी तिच्यापुढे पाटावर बसलो आणि वही उघडली. पातोळ्यो? वाढताना वर तुपाची धार. तवसळी? भांड्याला तूप लावायचं, नाहीतर सुटत नाही. वरण? वरणावर तूप लिहायचं असतं का कुणी. तांबडी भाजी? नाही, त्यात खोबरेल. मुगागाठी? खोबरेल. गोडाचं काही असेल तर चमचाभर तूप असतंच, ते मीठ लिहीत नाहीत तसं लिहीत नाहीत.

२० ऑगस्ट, बुधवार

तीन रात्री लागल्या, ४१ च्या ४१ पदार्थ आईला तोंडी विचारून काढले. २३ मधले ९ तूपवाले निघाले. खरे स्वच्छ १४. तूपवाले आता २०. भाचीला मेसेज केला, या वेळी हार्ट नाहीत.

यातून पुढच्यांसाठी: वही, पुस्तक काहीही असो, लिहिणारी व्यक्ती हयात असेल तर तिला ‘यात तूप आहे का’ असं विचारू नका, ‘नाही’ म्हणेल. ‘चुलीवर ठेवल्यापासून पानात वाढेपर्यंत काय काय करतेस’ असं विचारा आणि मध्ये बोलू नका. बिनकव्हरच्या पुस्तकाला विचारता येत नाही, तेव्हा तिथे गोड पदार्थ असेल तर तूप आहेच असं धरून चाला.

तुपाऐवजी काय, तर भांड्याला आणि काजू परतायला खोबरेल चालतं, काही फरक नाही. पातोळ्यांवर काहीच नको, हळदीच्या पानाचा वास पुरे. नेवऱ्यांच्या (करंज्यांच्या) पारीत मात्र फसलो. तीन चमचे तुपाच्या मोहनाऐवजी तीन चमचे खोबरेल घातलं, नेवऱ्यो तेल प्यायल्या, मऊ पडल्या. आपल्याकडच्या हवेत खोबरेल पातळच असतं, तुपासारखं घट्ट धरून राहत नाही. दोनच चमचे, चांगलं कडकडीत तापवून, आणि पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून, मग खुसखुशीत झाल्या. हे तीन घाण्यांनंतर.

२३ ऑगस्ट, शनिवार

अख्ख्या ताटाची रंगीत तालीम. खतखतें, मुगागाठी, तांबडी भाजी, सोलकढी, नेवऱ्यो, मणगणें. सकाळी ७ ला सुरू, दीडला ताट. मुगाची सालं काढायला एकटी मुगागाठी सव्वा तास खाते, ते आदल्या रात्री करून ठेवा.

आजपर्यंतचा खर्च, खोटं न लिहिता: परदेशी पुस्तक ६५०, काटा ४५०, नारळ ३१ (पन्नासच्या भावाने, यंदा नारळाने सगळ्यांनाच रडवलंय) १५५०, काजू तुकडा ४००, पाकिटातली दुधं ६४०, जवस आणि छोले २१०, भाज्या ११००, माडाचं गोड (माडाचा गूळ) ३००. मिळून ५३००. परदेशी पुस्तकातला एकच पदार्थ घरात टिकला, तो म्हणजे वांग्याची एक भाजी, ती पण बायको फोडणी बदलून करते.

२६ ऑगस्ट, मंगळवार

तय, म्हणजे हरतालिका. आईचा आणि बायकोचा उपास. बाजारातून माटोळीचं (गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती) सामान आणलं, चिखलात चपला अडकल्या, ते जाऊ दे. दुपारी आई गुडघ्याला पट्टा बांधून स्वयंपाकघरात आली, म्हणाली नैवेद्याच्या पातोळ्यांचे तांदूळ मीच भिजत घालते. स्टुलावर बसली. पोचा आलेली वाटी घेतली, तांदळाच्या डब्यात खुपसली आणि वर काढली ती शीग लावून, वर डोंगर, दाणे सांडतायत. दोन वेळा. मग म्हणाली उद्या सकाळी वाटताना पाणी एवढं घे, आणि नळाखाली वाटी धरून दाखवली. काठाखालच्या त्या रेघेपर्यंत. मी डिझाइन समजत होतो ती रेघ.

मी म्हटलं थांब जरा, आणि काटा आणला. शिगेची वाटी १७५ ग्रॅम तांदूळ, मी सपाट धरून १४० घेत होतो. रेघेपर्यंत पाणी १३५ मिली, मी काठोकाठ १६५ घेत होतो. म्हणजे तिचे ३५० ग्रॅमला १३५ आणि माझे २८० ला १६५. २७ जुलैच्या बारा पातोळ्यो फुटल्या त्या यामुळे. सुकं शिगेने, ओलं रेघेपर्यंत. पन्नास वर्षं तिला हे माहीत आणि वहीत एका शब्दाने नाही. डाळ पण शिगेने, रवा पण, गूळ मात्र दाबून सपाट. २४ जुलैची माझी मापं सगळी बाद, कुणी उतरवून घेतली असतील तर खोडा.

३१ ऑगस्ट, रविवार

चतुर्थीचं थोडक्यात. भाची आली, सगळं खाल्लं, खतखतें तीनदा घेतलं. एकच वाद झाला, नैवेद्याच्या भातावर तूप घालायचं की नाही यावर, आई म्हणाली देव काही पुण्याहून आलेला नाही. तेव्हा नैवेद्याच्या पानावर तूप, वरणाचं वेगळं पातेलं, आणि तूपवाला चमचा दुसऱ्या पातेल्यात जाऊ नये म्हणून त्याला लाल दोरा बांधला. तरी मोठ्या वहिनीने पंगतीत तो फिरवलाच, वरणाचं एक पातेलं भाचीसाठी बाद झालं. पुढच्या खेपेला तिचं वरण वेगळ्या खोलीत ठेवा, दोऱ्याचा उपयोग नाही.

राहिलेली कामं: आंब्याचं सासव मे महिन्यात, आता आंबे नाहीत. दुधा-दह्याच्या ७ पदार्थांना हात लावणार नाही, ते आहेत तसे असू दे. भाचीने वहीच्या सगळ्या पानांचे फोटो काढलेत, कुठे शीग आणि कुठे रेघ ते तिला अजून पाठवायचंय, १९ पदार्थ झाले, २२ बाकी.

आणि पातोळ्यांच्या पानावरची माझी ‘आईने चुकून लिहिलं असणार’ ही टीप खोडली. खोडरबराने खालची शाई पण पुसट झाली, ‘१ वाटी’ मधला ‘वा’ परत गिरवावा लागला.